कॉलेजात वाजवायला सुरुवात करायचीय? आधी ग्रुप शोधा, वाद्य मागून घ्या (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

जून-जुलैत ऍडमिशन झाल्या झाल्या एक प्रश्न हमखास येतो, "दादा मला काहीतरी वाजवायला शिकायचंय, कोणतं वाद्य घेऊ?" आणि विचारणाऱ्याने तोवर ऑनलाइन कार्टमधे काळी चकचकीत गिटार टाकूनही ठेवलेली असते, फक्त कोणीतरी हो म्हणायची वाट बघत असतो. तर माझं उत्तर दरवेळी तेच, कार्ट बंद कर आणि आधी सांग तू कोणाबरोबर वाजवणारेस. कारण घरात एकटं बसून व्हिडिओ बघून शिकणारी बहुतेक पोरं दिवाळीपर्यंत थंड होतात, आणि जी डिग्री संपेपर्यंत टिकतात ती कुठल्या ना कुठल्या ग्रुपात असतात, जिथे शनिवारी प्रॅक्टिसला आला नाहीस तर चार जण फोन करतात. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने आहे, आधी ग्रुप, मग वाद्य, मग क्लास.

पहिलं काम: तुम्ही नक्की कशात बसता

अकरावी-बारावीवाल्यांनो, युनिव्हर्सिटीच्या युवा महोत्सवात तुम्हाला उतरता येत नाही, तो डिग्री आणि पीजीवाल्यांचा. कॉलेजची बिल्डिंग एकच असते, सांस्कृतिक मंडळाचा बोर्डही एकच असतो त्यामुळे घोळ होतो, पण नियम तसा आहे. तुमच्यासाठी कॉलेजचं गॅदरिंग, ढोल-ताशा पथक आणि क्लास हे तीन रस्ते उघडे आहेत आणि दोन वर्षं हात बसवायला ते भरपूर झाले.

डिग्रीवाले असाल तर बघा, आपल्याकडची बरीचशी कॉलेजेस, ठाण्याचं जोशी-बेडेकर किंवा बांदोडकर घ्या नाहीतर वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील, मुंबई विद्यापीठाच्या छत्राखालची. काही आता स्वायत्त झालीत पण महोत्सवाला जातातच. विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग दरवर्षी युवा महोत्सव घेतो, आधी झोनप्रमाणे फेऱ्या होतात आणि तिथून निवडलेले फायनलला. पावसाळ्यातच सगळं उरकतं, म्हणजे ऍडमिशन होऊन तुम्ही कँटीनचा रस्ता शिकेपर्यंत ऑडिशन होऊन गेलेली असते. विद्यापीठाच्या टीममधे निवड झाली तर पुढे राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचा इंद्रधनुष्य महोत्सव आणि देशपातळीवरचे एआययूचे (भारतीय विद्यापीठांची संघटना) महोत्सव. तिथे वयाची अट २५ वर्षांपर्यंत, त्यामुळे गॅप घेतलेल्यांनी जन्मतारीख आधी चेक करा.

खाजगी किंवा अभिमत (डीम्ड) विद्यापीठात असाल, नेरूळला डी वाय पाटील वगैरे, तर तुमचा वेगळा संसार, तिथे थेट स्टुडंट कौन्सिल गाठायचं.

ग्रुप कोणकोणते असतात

महोत्सवात संगीताचे इव्हेंट बरेच आहेत. एकट्याने शास्त्रीय वाजवणं, त्यात तालवाद्य वेगळं आणि स्वरवाद्य वेगळं, प्रत्येकाला साधारण १५ मिनिटं. सुगम, नाट्यसंगीत, वेस्टर्न सोलो हेही आहे. पण नवीन माणसाने बघायचे ते ग्रुपवाले. भारतीय समूहगानात ६ गाणारे आणि ३ साथीदार, फिल्मी गाणं चालत नाही. तसंच पाश्चात्य समूहगान. आणि मग लोकवाद्यवृंद, ज्याला सगळे फोक ऑर्केस्ट्रा म्हणतात, डझनभर माणसं एकदम स्टेजवर आणि माझ्या मते सगळ्या महोत्सवातला सगळ्यात धमाल आयटम.

फोक ऑर्केस्ट्राबद्दल जरा थांबून सांगतो, कारण नवख्याला आत शिरायचा सगळ्यात मोठा दरवाजा हाच आहे. गिटार वाजवणारे कॉलेजात चिक्कार, ऑडिशनला रांग लागते आणि त्यातले दोघंच घेतात. संबळ वाजवणारा मात्र कोणाकडेच नसतो. दिमडी, हलगी, तुणतुणं, चौंडकं, टाळ, घुंगरू, ह्यातलं काहीही वाजवायची तयारी दाखवलीत तर तुम्हाला वाजवता येत नसलं तरी घेतात, कारण शिकवायला बाहेरून जो लोककलावंत बोलावलेला असतो त्याला शिकवायला माणूस हवाच असतो. टाळ किंवा दिमडीत आठवडाभरात ठेका पकडता येतो. हलगीला एक जाड काठी आणि एक बारीक, थोडं जास्त अवघड. संबळ मात्र खरंच कठीण, दोन तोंडं, दोन आवाज, एका हातातली काठी वाकडी, पण देवीचा गोंधळ (लोकगीताचा प्रकार) सुरू झाला की सभागृहातल्या माना आपोआप हलायला लागतात आणि तो मान संबळवाल्याचाच. आणि हो, ह्यातलं एकही वाद्य विकत घ्यावं लागत नाही, कॉलेज नाहीतर शिकवणारे आणतात. ज्याला हे पुढे नीट शिकावंसं वाटेल त्याने कलिना कॅम्पसमधल्या विद्यापीठाच्या लोककला अकादमीची चौकशी करा, ठाण्याहून काय आणि वाशीहून काय, कुर्ल्याला उतरायचं.

दुसरी कायमची जागा रिकामी असते ती पेटीची, म्हणजे हार्मोनियमची. गाणारे वीस, पेटीवाला एक, आणि तो एक टीवायला असतो. मग पुढच्या वर्षी सगळे हैराण. पेटी साथीपुरती शिकायला सोलो शिकण्याएवढी वर्षं लागत नाहीत, गाण्याच्या मागे राहून सूर धरायचा, त्यामुळे एफवायला सुरू करून एसवायला साथीला बसलेली पोरं-पोरी मी बघितल्यात.

कॉलेजचा बँड हा वेगळा प्रकार, तो ऑफिशियल नसतोच बऱ्याचदा, चार-पाच जण जमतात, जॅमरूम तासाच्या भाड्याने घेतात आणि डिसेंबरात आयआयटीच्या मूड इंडिगो फेस्टमधे लाइव्हवायर ह्या बँडच्या स्पर्धेला उतरायचं स्वप्न बघतात. बँडमधे घुसायचं तर लीड गिटार विसरा. बेस किंवा ड्रम्स म्हणा, लगेच नंबर येतो.

ढोल-ताशा पथक

हे कॉलेजचं नाही पण पथकात निम्मी कॉलेजचीच पोरं असतात, मुलीही भरपूर, म्हणून इथे घेतोय. ठाण्यात गुढीपाडव्याची कौपिनेश्वर न्यासाची स्वागतयात्रा आणि गणपती, हे दोन मोठे सीझन. गणपतीच्या आधी दोनेक महिने सराव सुरू होतो, पुलाखाली नाहीतर एखाद्या मैदानात संध्याकाळी आवाज आला की तिकडे जाऊन उभं राहायचं आणि टीशर्टवाल्या कोणालाही विचारायचं, "ताई, नवीन भरती चालू आहे का?" एवढाच प्रोसेस. बहुतेक पथकं नवीन लोक घेतात पण सरावाची हजेरी बघतात, दांड्या मारल्या तर गणपतीत वादनाला उभं करत नाहीत आणि बरोबरच आहे.

सुरुवात ढोलाने होते. एका हातात टिपरू, म्हणजे काठी, दुसऱ्या हाताची थापी, ढोल कमरेला बांधलेला. पहिले काही दिवस ढोल बांधूनच देत नाहीत, जमिनीवर ठेवून नाहीतर नुसत्या हातावर ठेके पाठ करून घेतात, कंटाळू नका. ताशा लगेच मिळणार नाही हे लक्षात ठेवा, ताशावाला सगळ्यांना चालवतो, ठेका बदलायचा इशारा त्याचा असतो, त्यामुळे तिथे सीनिअर्स. झांज आणि ध्वज ह्यांना कमी समजू नका, ध्वज नाचवून बघा म्हणजे दंड काय असतात ते कळेल.

बोटांना मेडिकलची चिकटपट्टी आधीच लावा, फोड आल्यावर नाही. कमरेला पट्टा नीट बांधायला सीनिअरकडून शिका नाहीतर पाठ जाते. आणि कानात इअरप्लग, मेडिकलमधे स्वस्तात मिळतात, पथकातले काही हीरो हसतील, हसू देत. पन्नास ढोल आणि त्यावर ताशे तीन-चार तास म्हणजे कानाची वाट लागते, रात्री घरी आल्यावर शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत राहिला तर ते वाद्य ऐकू येत नाहीये, कान दुखावलाय.

पथकाचा एक फायदा असा की लयीची लाज मोडते. घरी एकटं वाजवणारा माणूस अवघड जागा आली की थांबतो, पुन्हा मागे जातो. मिरवणुकीत थांबता येत नाही, चुकलात तरी पुढच्या समेला, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या ठोक्याला, गाठायचंच. नंतर तबला घ्या, ड्रम घ्या, ही सवय कामाला येते.

नवी मुंबईवाल्यांसाठी अजून एक. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, बेलापूर अशा गावठाणांत भजनी मंडळं आहेत, पखवाज-पेटी-टाळ, आणि हळदीला वाजणारी बेंजो पार्टी. वर्गात कोणी आगरी-कोळी मित्र असेल तर त्याच्या काकांना नाहीतर आजोबांना भेटा. पखवाज फुकट आणि प्रेमाने शिकवणारी जी माणसं आहेत ती ह्या देवळांत आहेत, पण आधी सहा महिने टाळ धरून बसावं लागेल.

ऑडिशनला काय करायचं

नोटीस बोर्डवर अवलंबून राहू नका, नोटीस लागते तेव्हा अर्ध्या जागा गेलेल्या असतात. पहिल्या आठवड्यातच सांस्कृतिक मंडळाचे प्रोफेसर कोण ते ऑफिसात विचारा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सीएल कोण आहे ते शोधा, म्हणजे कॉलेजची टीम फेस्टला घेऊन जाणारा स्टुडंट. सर सही करतात, टीम सीएल बनवतो. त्याला जाऊन सरळ सांगायचं, "मला वाजवता येत नाही पण प्रॅक्टिसला रोज येईन, कशाला माणूस कमी आहे?" हे वाक्य ऐकून कुठल्याही सीएलच्या डोळ्यात पाणी येईल कारण त्याच्याकडे येणारे सगळे म्हणतात मला सोलो द्या.

ज्यांना वाजवता येतं त्यांनी दोन मिनिटांचं काहीतरी पक्कं तयार ठेवा. तबलावाल्यांनी लांबलचक कायदा (तबल्याची सोलो रचना) वाजवण्यापेक्षा तीनतालाच्या १६ मात्रा एका लयीत सरळ धरून दाखवा, मग दादरा, केरवा, आणि जमलं तर ७ मात्रांचा रूपक, ज्याची सुरुवातच खालीने (तालातल्या बिनभाराच्या जागेने) होते आणि तिथेच बरेच जण गडबडतात. साथीला माणूस निवडताना ठेका हलतो का हेच बघतात.

लेक्चरच्या हजेरीचं आधीच बोलून घ्या, महोत्सवाच्या दिवसांचं पत्र मिळतं पण प्रॅक्टिसच्या दिवसांचं मिळतंच असं नाही. आणि नवीन शैक्षणिक धोरणात को-करिक्युलर क्रेडिट आलेत, सांस्कृतिक गोष्टी त्यात मोडतात, तुमच्या कॉलेजने संगीत त्यात धरलंय का हे एफवायलाच विचारा.

आता वाद्य

तबला-डग्गा घेताना एक गोष्ट दुकानदार स्वतःहून सांगत नाही. उजव्या तबल्याचं तोंड जेवढं मोठं तेवढा सूर खाली. पुरुष गायक साधारण काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराच्या) आसपास गातात, मुली काळी चार-पाचला, आणि एकच तबला दोन्हीकडे ओढून लावता येत नाही, ओढलात तर पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटते. म्हणून ग्रुपात कोण गातंय ते बघून मग तबला घ्या. गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) आणि हातोडी वापरायला पहिल्याच महिन्यात शिका, सूर लावायला दरवेळी सरांकडे धावणारा साथीदार कोणालाच नको असतो.

पेटी घेताना भाता सोडून ऐका, एक पट्टी दाबून ठेवली तर हवा किती वेळ टिकते. सगळ्या पट्ट्या एकेक करून हळू वाजवा, एखादी उशिरा बोलत असेल तर नको. गुजरातेतल्या पालिताण्याच्या सुरांची (आतल्या पितळी पट्ट्यांची, रीड्सची) पेटी म्हणून भाव वाढवतात, पहिल्या पेटीला त्याची गरज नाही. जुनी पेटी मिळत असेल तर फोनवरच्या ट्यूनर ऍपने चेक करा, कारण बऱ्याच जुन्या पेट्या कीबोर्डशी जुळत नाहीत, थोड्या चढलेल्या किंवा उतरलेल्या असतात. एकट्याला काही कळत नाही पण स्टेजवर कीबोर्ड, गिटार आणि ही पेटी एकत्र आली की तमाशा. अशा वेळी गिटार पेटीला लावून घ्यायची, पेटीचा सूर जागचा हलत नाही. दादरला पेट्यांची जुनी दुकानं आहेत, हरिभाऊ विश्वनाथ वगैरे, घ्यायची नसली तरी एकदा जाऊन चार पेट्या वाजवून या, कानाला फरक कळायला लागतो.

कीबोर्ड घ्यायचा तर ६१ पट्ट्यांचा आणि टच रिस्पॉन्स (जोरात दाबलं तर मोठा आवाज) असलेला, त्याखालचं खेळणं होतं. गिटार घ्यायचीच असेल तर अकूस्टिक घ्या, दुकानात कोणातरी येणाऱ्याला बरोबर न्या, तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर बोटं सोलवटून दोन आठवड्यांत तुम्ही सोडून द्याल. बासरीला खर्च कमी, पण पहिले काही आठवडे फक्त फुंकर. सतार हॉस्टेलवर राहून शिकणार असाल तर मनापासून शुभेच्छा, आधी तिला ठेवायला जागा शोधा.

क्लास निवडताना

ठाण्यात नौपाडा, राम मारुती रोड, गोखले रोड ह्या पट्ट्यात गल्लोगल्ली क्लास आहेत, घोडबंदरकडे आणि खारघरला वेस्टर्न जास्त. वाशीला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्वतःची वास्तू आहे. ह्या मंडळाचं मुख्यालय मिरजेला, परंपरा विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मधे लाहोरला काढलेल्या गांधर्व महाविद्यालयाची, आणि आपल्याकडे "परीक्षा दिल्यास का" म्हणजे बहुतेक वेळा ह्यांचीच परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारदची दोन वर्षं, वर अलंकार. म्हणजे एफवायला शून्यातून सुरू केलंत तर डिग्रीबरोबर साधारण प्रवेशिका पूर्ण होते, विशारदची स्वप्नं आत्ता नकोत. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला, आणि नेमकी दोन्हीकडे सेमिस्टर आडवं येतं, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी कॉलेजचं टाइमटेबल समोर ठेवा. दहावीच्या वाढीव मार्कांसाठी दोन-तीन परीक्षा देऊन तबला माळ्यावर टाकलेली मंडळी ठाण्यात ढिगाने आहेत, तुम्ही त्यातले असाल तर तो खाली काढा, शून्यापासून सुरू करायची गरज नाही.

गिटार, कीबोर्ड, ड्रम्सला लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा असतात, इनिशियल आणि मग १ ते ८. फी जास्त असते, तिथे तुम्हाला सर्टिफिकेट खरंच लागणार आहे का हा विचार करूनच भरा. विद्यापीठाचा स्वतःचा संगीत विभागही आहे, चर्चगेटला विद्यार्थी भवनात, पण ठाण्याहून रोजचं जाणं-येणं गणितात धरा.

क्लास चांगला का वाईट हे डेमो लेक्चरवरून कळत नाही, डेमोला सगळेच गोड असतात. आषाढात गुरुपौर्णिमेला बहुतेक क्लासचे विद्यार्थ्यांचे कार्यक्रम होतात, छोट्या हॉलमधे, कोणालाही जाता येतं. तिथे जाऊन बसा आणि तिथे दोन-तीन वर्षं शिकलेली मुलं काय वाजवतात ते ऐका. सरांचा सगळ्यात लाडका शिष्य सोडून द्या, मधले बघा. मधली मुलं सुरात असतील आणि हसत वाजवत असतील तर क्लास चांगला. अजून दोन गोष्टी विचारायच्या, एका बॅचला किती जण, आणि ग्रुपसाठी बसवायचं एखादं गाणं आणलं तर मदत करणार का. काही गुरुजी "आमच्याकडे असलं फिल्मी-बिल्मी नाही" म्हणून हाकलतात, त्यांचंही चूक नाही, पण मग तुम्हाला दोन ठिकाणी शिकावं लागेल.

ऐकायला मात्र कंजूषी नको. ठाणे महापालिका पं. राम मराठे स्मृती महोत्सव घेते, वाशीला भावे नाट्यगृहात कार्यक्रम असतात. पहिल्या रांगेत जागा मिळाली तर गायकाकडे कमी आणि पेटी-तबलावाल्यांच्या हाताकडे जास्त बघा.

रियाज कुठे करायचा आणि ने-आण

फ्लॅटमधे राहताना हा खरा प्रश्न. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी असते हे सगळ्यांना पाठ आहे, पण सोसायटीवाल्यांना दुपारी दोनचा तबलाही चालत नाही. खालच्या मजल्यावर जाऊन आपणहून सांगा की रोज संध्याकाळी सहा ते सात वाजवणार, वेळ ठरलेली असली की लोक सहन करतात, कधीही सुरू होणाऱ्या आवाजाला वैतागतात. तबल्याखाली जाड सतरंजी, कीबोर्डला हेडफोन, ड्रम्सला प्रॅक्टिस पॅड. हॉस्टेलवाल्यांनी सीएलकडून कॉलेजच्या म्युझिक रूमची चावी कोणाकडे असते ते काढा, शिपाईकाकांशी दोस्ती असली की लेक्चर सुटल्यावर तासभर मिळतो.

ट्रान्सहार्बरला सकाळी ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी गाडी ऐरोली-घणसोलीच्या कंपनीवाल्यांनी भरलेली असते, त्या गर्दीत तबल्याच्या दोन पिशव्या घेऊन चढायचा विचार करू नका. लगेजच्या डब्यात जा नाहीतर आदल्या संध्याकाळी कॉलेजात ठेवून या. गिटारची बॅग पाठीवर न घेता पुढे घ्या, हेडस्टॉक दाराच्या दांड्याला आपटून तुटतो.

आणि आपल्याकडचा पावसाळा. महोत्सव ह्याच दिवसांत, म्हणजे चामड्याचं प्रत्येक वाद्य नेमकं तेव्हाच ढिलं पडतं. तबला-डग्गा कापडी खोळीवर प्लॅस्टिक बांधून न्या पण घरी पोचल्या पोचल्या प्लॅस्टिक काढा, आत दमट राहिलं तर शाईला (मधल्या काळ्या गोलाला) तडे जातात आणि पुडीवर बुरशी धरते. चपलेच्या खोक्यात येणाऱ्या त्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, पेटीच्या खोक्यात टाका. कार्यक्रमाच्या दिवशी तबला तासभर आधी हॉलमधे उघडून ठेवा, एसी सुरू झाला की सूर पुन्हा हलतो, त्यामुळे स्टेजवर जायच्या पाच मिनिटं आधी परत एकदा लावायचा, आणि हातोडी बॅगेत न ठेवता खिशात ठेवायची.